म्हैसूर आणि श्रीरंगपट्टण : कुटुंबासह चार दिवसांच्या सफरीची माहिती

सुट्टी जवळ आली की घराघरांत एकच विषय सुरू होतो, यंदा कुठं जायचं? महाबळेश्वर झालं, हैदराबाद झालं, अजमेर झालं. दक्षिणेकडे जायचं ठरलं तर बहुतेक जण ऊटीचं पॅकेज घेतात आणि त्यात म्हैसूर वाटेवरचा एक मुक्काम म्हणून येतं. टूरची बस सकाळी राजवाडा, दुपारी प्राणिसंग्रहालय आणि संध्याकाळी वृंदावन गार्डन दाखवते. मधल्या वेळात श्रीरंगपट्टणला तासभरही थांबत नाही. गुंबजवर फातिहा पढायची, एक फोटो काढायचा आणि पळत बस गाठायची. परत आल्यावर मुलांना विचारलं, काय पाहिलं? तर ती म्हणतात, "लाइटिंग पाहिली."

म्हैसूरला जायचं तर तीन रात्री, चार दिवस काढून जावं आणि त्यातला एक पूर्ण दिवस श्रीरंगपट्टणला द्यावा, एवढंच या लेखाचं सांगणं आहे. शहर सुंदर आहे, हवा चांगली आहे, खाण्याची चंगळ आहे. शिवाय मुलांना पुस्तकातला इतिहास प्रत्यक्ष जागेवर उभं राहून बघता येतो. अशी संधी आपल्याला फार ठिकाणी मिळत नाही.

शहराची ओळख

म्हैसूर ही वाडियार राजघराण्याची जुनी राजधानी. मधल्या काळात हैदरअली आणि त्यानंतर टिपू सुलतान यांच्या हाती सत्ता होती, तेव्हा राजधानी होती श्रीरंगपट्टण. १७९९ मध्ये टिपू शहीद झाल्यावर इंग्रजांनी वाडियार घराण्यातल्या लहान राजपुत्राला गादीवर बसवलं आणि कारभार पुन्हा म्हैसूरला आला. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव 'मैसूरु' झालं आहे. रेल्वेच्या तिकिटावर तेच नाव दिसेल.

शहरात फिरताना एक गोष्ट लगेच लक्षात येते. इथल्या जुन्या वस्त्यांना सगळीकडे 'मोहल्ला' म्हणतात. मंडी मोहल्ला, लष्कर मोहल्ला, देवराज मोहल्ला, कृष्णराज मोहल्ला. वस्ती कुणाचीही असो, शब्द तोच. नझरबाद हे नाव तर थेट टिपूच्या काळातलं. त्याने तिथं नवा किल्ला बांधायला घेतला होता.

भाषेची अडचण येत नाही. इथले मुस्लिम दखनी उर्दू बोलतात आणि ती ऐकताना मराठी माणसाला गंमत वाटते. नकार द्यायला ते 'नक्को' म्हणतात, तो आपला 'नको' आहे. शब्दावर जोर द्यायला शेवटी 'च' लावतात, जसं 'मैच बोल्या'. हा 'च' पण मराठीतूनच दखनीत गेला. शाळेत मुलांना भाषांची देवाणघेवाण शिकवायची तर यापेक्षा सोपं उदाहरण नाही. रिक्षात बसल्यावर मुलांना कान उघडे ठेवायला सांगा.

कधी जावं, कसं जावं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७७० मीटर उंचीवर असल्यामुळे मे महिन्यातही आपल्याकडच्यासारखी काहिली होत नाही, पण दुपारचं ऊन लागतंच. दसऱ्याचा उत्सव इथं फार मोठा असतो. त्या दहा दिवसांत शहर पाहण्यासारखं सजतं, पण खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर भाडं वाढलेलं असतं. लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर दसरा टाळलेला बरा.

सोलापूर भागातल्या लोकांसाठी पंढरपूरहून सोलापूर, विजयपूरमार्गे म्हैसूरला जाणारी गोलगुंबज एक्स्प्रेस सोयीची आहे. दादरहून पुणे, मिरजमार्गे जाणारी शरावती एक्स्प्रेस आठवड्यातून एकदाच असते, त्यामुळे आरक्षण लवकर करावं लागतं. थेट गाडी मिळाली नाही तर बेंगळुरू गाठावं. तिथून म्हैसूर साधारण १४० किलोमीटर आहे, दिवसभर रेल्वे आणि बस चालू असतात. विमानाने जाणाऱ्यांसाठी बेंगळुरू विमानतळावरून म्हैसूरला थेट फ्लायबस सुटते. हा विमानतळ देवनहळ्ळी इथं आहे आणि देवनहळ्ळी हे टिपू सुलतानचं जन्मगाव. तिथला किल्ला अजून उभा आहे. हाताशी दोन तास असतील तर बघून घ्या.

बेंगळुरूहून स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर जुन्या रस्त्याने जा. बिडदीची तट्टे इडली (ताटलीएवढी मोठी इडली), चन्नपट्टणची लाकडी खेळणी आणि मद्दूरचा वडा ही तिन्ही ठिकाणं याच रस्त्यावर आहेत. नव्या एक्स्प्रेसवेने वेळ वाचतो, पण ही गावं बाजूला राहतात.

राहणं आणि नमाज

रेल्वे स्टेशन, राजवाडा आणि बसस्टँड जवळजवळ आहेत. याच पट्ट्यात खोली घेतली तर रिक्षाचा खर्च कमी होतो. मंडी मोहल्ला, लष्कर मोहल्ला आणि अशोका रोडच्या बाजूला मुस्लिम वस्ती जुनी आहे. मस्जिदी चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि हलाल जेवणाची चिंता राहत नाही. आई-वडील बरोबर असतील तर लिफ्ट आहे का आणि कमोड आहे का, या दोन गोष्टी फोनवरच विचारून घ्या.

सफरमध्ये नमाजच्या क़सरचा मसला हनफी आणि शाफई मसलकांत सारखा नाही. दोन नमाजी एकत्र पढण्याबाबत तर फरक मोठा आहे. आपल्या कोकणातली बरीच कुटुंबं शाफई आहेत, घाटावरची बहुतेक हनफी. एकाच गाडीत दोन्हीकडचे पाहुणे असले की वाटेत चर्चा रंगते. म्हणून निघण्यापूर्वीच आपल्या मस्जिदीच्या इमाम साहेबांना विचारून घ्यावं. बायकांसाठी वुजू आणि नमाजची सोय सगळ्या मस्जिदींत नसते. एक घडीची जानमाज आणि पाण्याची बाटली सोबत असली की बागेत, एका बाजूला नमाज होऊन जाते.

पहिला दिवस : शहर

राजवाडा, म्हणजे अंबाविलास पॅलेस, सकाळी उघडल्या उघडल्या गाठावा. आधीचा लाकडी राजवाडा १८९७ मध्ये राजघराण्यातल्या एका लग्नाच्या वेळी आगीत जळाला. मग हेन्री आयर्विन या इंग्रज वास्तुकाराने आजचा राजवाडा उभारला. तो १९१२ मध्ये पूर्ण झाला आणि त्या काळात त्याला ४१ लाखांहून जास्त रुपये लागले. घुमट, कमानी, नक्षीचं छत आणि रंगीत काचा, यांत हिंदू, इस्लामी आणि युरोपीय शैली एकत्र आल्या आहेत. आत अनवाणी जावं लागतं, म्हणून म्हाताऱ्या माणसांना मोजे द्या. रविवारी आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता जवळपास एक लाख दिवे एकदम लागतात. त्यामुळे सफरीत एक रविवार येईल असं बघा.

राजवाड्यापासून जवळच जगनमोहन पॅलेसमधली आर्ट गॅलरी आहे. राजा रविवर्मांची मूळ चित्रं इथं आहेत. पण महाराष्ट्रातल्या माणसाने खास शोधावं असं चित्र वेगळंच आहे. हातात समई धरलेली, चेहऱ्यावर पिवळा उजेड पडलेली स्त्री. हे चित्र आपल्याकडे कॅलेंडरवर अनेकांनी पाहिलेलं असतं आणि ते रविवर्मांचं आहे असा खूप जणांचा समज असतो. 'ग्लो ऑफ होप' नावाचं हे जलरंगातलं चित्र काढलं सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी आणि त्यांच्यासमोर दिवा घेऊन उभी राहिली होती त्यांची स्वतःची मुलगी.

दुपारी मुलांना प्राणिसंग्रहालयात न्या. ते १८९२ पासूनचं आहे, झाडी दाट आहे, जागा मोठी आहे. मंगळवारी बंद असतं, हे लक्षात ठेवून दिवस ठरवा. शेजारीच कारंजी तलाव आहे. संध्याकाळी अशोका रोडवरचं सेंट फिलोमिना चर्च बघता येईल. त्याचे दोन उंच मनोरे लांबूनच दिसतात. चामुंडी टेकडीवर देवीचं मोठं मंदिर आहे आणि भाविकांची वर्दळ असते. वर जाणाऱ्या रस्त्यावरून संध्याकाळी अख्खं शहर खाली पसरलेलं दिसतं.

दुसरा दिवस : श्रीरंगपट्टण

म्हैसूरपासून साधारण १५ किलोमीटरवर कावेरी नदी दोन फाट्यांत विभागते आणि मध्ये एक बेट तयार होतं. तेच श्रीरंगपट्टण. बेंगळुरू-म्हैसूर मार्गावरच्या बऱ्याच पॅसेंजर गाड्या इथं थांबतात, बसही मिळते. पण ठिकाणं विखुरलेली आहेत, म्हणून दिवसभरासाठी रिक्षा किंवा गाडी ठरवणं फायद्याचं. खाली दिलेल्या क्रमाने पाहिलं तर इतिहासही क्रमाने समजतो.

मस्जिद-ए-आला. किल्ल्याच्या बेंगळुरू दरवाजाजवळ दोन उंच मनोऱ्यांची ही मस्जिद टिपूने बांधली. पुरातत्त्व खात्याकडे नोंद असलेली वास्तू आहे, म्हणून तिथले नियम पाळावेत. सकाळची शांत वेळ इथं घालवावी.

रंगनाथस्वामी मंदिर. मस्जिदीपासून थोड्याच अंतरावर हे प्राचीन मंदिर आहे. बेटाला नावच या देवामुळे मिळालं. टिपूच्या राजधानीत, त्याच्याच किल्ल्यात हे मंदिर चालू होतं आणि त्याने मंदिराला चांदीची भांडी भेट दिली होती. मस्जिद आणि मंदिर एकाच तटबंदीच्या आत आहेत, हे मुलांना डोळ्यांनी बघू द्या.

कर्नल बेलीची अंधारकोठडी आणि शस्त्रागार. १७८० मध्ये पोल्लीलूरच्या लढाईत हैदरअली आणि टिपूच्या फौजेने कर्नल बेलीच्या इंग्रजी तुकडीचा धुव्वा उडवला. बेलीच्या नावाने ही कमानींची कोठडी ओळखली जाते. रेल्वे मार्गाजवळ टिपूच्या काळातलं दारूगोळ्याचं कोठार आहे. २०१७ मध्ये रेल्वेचा मार्ग दुपदरी करताना ते आड येत होतं. ते पाडलं नाही, अख्खंच्या अख्खं उचलून बाजूला नेऊन ठेवलं. मुलांना ही गोष्ट फार आवडते.

टिपू पडला ती जागा. ४ मे १७९९. इंग्रज फौज तटाला पडलेल्या खिंडारातून आत शिरली आणि सुलतान लढता लढता शहीद झाला. त्याचं शव जिथं सापडलं तिथं एक साधा दगड आहे. गाइड लोक इथं मोठमोठ्या कथा सांगतात. त्या ऐकायला हरकत नाही, पण दगडावर कोरलेलं मुलांना स्वतः वाचायला लावा.

दरिया दौलत बाग. १७८४ मध्ये टिपूने बांधलेला हा उन्हाळी महाल बराचसा सागवानी लाकडाचा आहे. बाहेरून साधा वाटतो, जवळ गेलं की भिंती रंगीत चित्रांनी भरलेल्या दिसतात. पश्चिमेच्या भिंतीवर पोल्लीलूरची लढाई रंगवली आहे. हत्ती, घोडे, तोफा आणि पालखीत बसलेला जखमी बेली. या भिंतीपुढे अर्धा तास द्या. १७९९ नंतर याच महालात आर्थर वेलस्ली राहिला, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला.

गुंबज. टिपूने वडिलांसाठी बांधलेला हा मकबरा बेटाच्या पूर्व टोकाकडे, लालबाग नावाच्या बागेत आहे. काळ्या चकचकीत दगडाचे खांब, हस्तिदंताची नक्षी जडवलेले दरवाजे आणि आत भिंतींवर वाघाच्या पट्ट्यांची रंगरंगोटी. हे दरवाजे नंतर लॉर्ड डलहौसीने दिले. आत तीन कबरी आहेत : हैदरअली, टिपूची आई फातिमा फख्रुन्निसा आणि स्वतः टिपू. शेजारी मस्जिद आहे. जोहर किंवा असरची नमाज इथं पढता येते. फातिहा पढा, आवाज कमी ठेवा, पैसे मागणाऱ्यांच्या गर्दीत अडकू नका.

मुलांना टिपू कसा सांगावा?

वर्गात टिपूचं नाव निघालं की एक गोष्ट जाणवते. मुलांना तो दोन ठिकाणी भेटलेला असतो. एकतर मोबाइलवरच्या भांडणात, नाहीतर घरातल्या अभिमानाच्या गप्पांत. दोन्हीकडे तो अर्धाच असतो. श्रीरंगपट्टणच्या दिवसाचा खरा उपयोग इथं आहे.

टिपूचे अग्निबाण खरे होते. लोखंडी नळीत दारू भरून ते सोडले जात. श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी ते नमुन्यासाठी इंग्लंडला नेले आणि विल्यम काँग्रीव्हने त्यांवरून ब्रिटिश रॉकेट तयार केलं. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमेरिकेतल्या नासाच्या वॉलॉप्स केंद्रात गेले तेव्हा तिथल्या भिंतीवर टिपूच्या रॉकेटवाल्या सैन्याचं चित्र त्यांना दिसलं. त्यांनी ते आत्मचरित्रात लिहिलं आहे.

१७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला वेढा पडला तेव्हा इंग्रजांच्या सोबत निजामाची फौज होती आणि मराठ्यांचीही, हरिपंत फडक्यांची. तहात टिपूला निम्मं राज्य आणि ३ कोटी ३० लाख रुपये द्यावे लागले आणि दोन लहान मुलं ओलीस ठेवावी लागली. त्याआधी १७९१ मध्ये पटवर्धनांच्या फौजेसोबतच्या टोळ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. टिपूने तिथल्या शंकराचार्यांना दुःख व्यक्त करणारी पत्रं लिहिली आणि मूर्तीच्या पुन्हा स्थापनेसाठी मदत पाठवली. ती कन्नड पत्रं मठात जपलेली होती, १९१६ मध्ये ती उजेडात आली.

पण तेवढंच सांगून थांबलो तर आपणही अर्धंच सांगतो. कोडगू आणि मलबारमध्ये टिपूच्या मोहिमा कठोर होत्या. मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना १७८४ मध्ये हजारोंच्या संख्येने कैद करून याच श्रीरंगपट्टणला आणलं गेलं, त्यांतले अनेक परत गेले नाहीत. आकड्यांवर इतिहासकारांत वाद आहेत, पण त्रास झाला यावर नाही. त्या लोकांची नातवंडं-पतवंडं आजही ती आठवण सांगतात. आपल्या मुलांनी तीही ऐकायला हवी. अठराव्या शतकातला राजा होता, शूर होता, हुशार होता, त्याच्या काळातल्या राजांसारखा निष्ठुरही होऊ शकत होता. हे समजलं की मूल कुणाशी भांडायला जात नाही आणि कुणापुढे मान खालीही घालत नाही.

आणि दरिया दौलतमध्ये राहिलेला तो वेलस्ली? चारच वर्षांनी, सप्टेंबर १८०३ मध्ये, आपल्या जालना जिल्ह्यातल्या आसईच्या रणात त्याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. १७९२ ला इंग्रजांना केलेली मदत मराठ्यांना किती महागात पडली, हे सांगायला वेगळं भाषण लागत नाही. नकाशावर दोन ठिकाणं दाखवली की पुरे.

तिसरा दिवस : पक्षी, धरण आणि बाग

सकाळी रंगनथिट्टू पक्षी अभयारण्य. श्रीरंगपट्टणच्या अगदी जवळ, कावेरीतल्या लहान लहान बेटांवर रंगीत करकोचे, चमचे, पाणकावळे, पेलिकन घरटी करतात. नावेतून फिरवतात आणि वाटेत खडकावर पहुडलेल्या मगरीही दिसतात. डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत पक्षी भरपूर असतात. पावसाळ्यात नदीला पाणी वाढलं की नावा बंद ठेवतात. १९४० मध्ये हे अभयारण्य जाहीर झालं, ते डॉ. सालिम अलींच्या आग्रहामुळे. मुंबईत जन्मलेला आणि खेतवाडीत वाढलेला हा मुस्लिम मुलगा भारताचा सगळ्यात मोठा पक्षीशास्त्रज्ञ झाला. नावेत बसल्यावर मुलांना हे जरूर सांगा.

संध्याकाळी कृष्णराज सागर धरण आणि त्याच्या पायथ्याची वृंदावन गार्डन. धरणाचं काम १९११ मध्ये सुरू झालं आणि १९३२ च्या सुमारास पूर्ण झालं. या कामाचे सूत्रधार सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. ते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी. त्यांनी शोधलेले आपोआप उघडणारे दरवाजे आधी खडकवासल्याला बसले, नंतर इथं. धरणाचं काम चालू असताना टिपूच्या काळातला एक फारसी शिलालेख सापडला, कावेरीवर बांध घालण्याबद्दलचा. म्हणजे या नदीला अडवण्याची कल्पना शंभर वर्षं आधीच कुणाच्या तरी डोक्यात होती.

खालची बाग उभी राहिली ती दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या काळात. काश्मीरच्या शालिमार बागेचा नमुना त्यांच्यासमोर होता. १९२६ ते १९४१ अशी पंधरा वर्षं ते म्हैसूर संस्थानचे दिवाण होते. राजा हिंदू, दिवाण मुस्लिम आणि दोघं लहानपणी एकत्र शिकलेले. नंतर ते जयपूरला गेले. तिथला प्रसिद्ध एम. आय. रोड त्यांच्याच नावाचा. रंगीत कारंजी अंधार पडल्यावर सुरू होतात. मगरिबची नमाज करून मग आत गेलं तर घाई होत नाही. शनिवार-रविवारी गर्दी फार असते, मुलांचा हात सोडू नका.

चौथा दिवस : लांबची एक सहल

खालीलपैकी एकच निवडा. दोन केल्या तर दोन्ही गाडीतच जातील.

शिवनसमुद्र. साधारण ७५ ते ८० किलोमीटर. कावेरीचे गगनचुक्की आणि भरचुक्की हे दोन धबधबे. पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच खरी मजा. इथल्या पाण्यावर १९०२ मध्ये वीज तयार होऊन कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. भरचुक्कीजवळच हजरत मर्दाने गैब यांची दर्गाह आहे. धबधब्याजवळच्या निसरड्या खडकांवर मुलांना उतरू देऊ नका.

सोमनाथपूर. साधारण ३५ किलोमीटर. तेराव्या शतकातलं होयसळ केशव मंदिर, दगडावरची इतकी बारीक कोरीव कामं दुसरीकडे कमी दिसतात. २०२३ मध्ये बेलूर आणि हळेबीडसह याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

श्रवणबेळगोळ. साधारण ८० किलोमीटर. एकाच दगडातली बाहुबलीची मूर्ती जवळपास ५८ फूट उंच आहे. अनवाणी, सहाशेहून जास्त पायऱ्या चढाव्या लागतात. पण मराठी माणसाने इथं जावं याचं वेगळं कारण आहे. मूर्तीच्या पायाजवळ कोरलेलं मराठी वाक्य मराठीतल्या सर्वात जुन्या शिलालेखांत गणलं जातं.

ऊटी. साधारण १२५ किलोमीटर, एका दिवसात जाऊन येणं दमवणारं. रस्ता बंदीपूरच्या व्याघ्र प्रकल्पातून जातो. रात्री ९ ते सकाळी ६ तो वाहनांसाठी बंद असतो. २०२४ पासून स्वतःच्या गाडीने निलगिरीत जाण्यासाठी ई-पास घ्यावा लागतो. प्लास्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत.

खाणं

म्हैसूरमध्ये शाकाहारी खाणं इतकं चांगलं आहे की सकाळचा नाश्ता उडुपी पद्धतीच्या हॉटेलातच करावा. आत लाल चटणी लावलेला म्हैसूर डोसा, तीन-चार मऊ डोशांचा सेट डोसा, आणि नझरबादचा लोणी टाकलेला मैलारी डोसा. बिसी बेळे भात म्हणजे डाळ-तांदळाचा गरम मसालेदार भात. 'वांगी बात' तर आपल्याला सांगायला नको, नावातच वांगी आहे. वर फिल्टर कॉफी.

मटण-चिकन खायचं तर मंडी मोहल्ला आणि अशोका रोडच्या बाजूला जा. बिर्याणी, कबाब, पाया, रात्री उशिरापर्यंत मिळतं. या भागाबाहेर खाताना 'हलाल आहे का' हे आधी विचारा. इथं कुणाला त्याचं वाईट वाटत नाही, सरळ सांगतात. श्रीरंगपट्टण आणि रंगनथिट्टूच्या दिवशी डबा सोबत ठेवलेला बरा.

गोडात म्हैसूर पाक. बेसन, साखर आणि भरपूर तूप. हा पदार्थ राजवाड्याच्या मुदपाकखान्यात जन्मला असं मानतात. ताजा घ्या, नरम आणि कडक दोन्ही प्रकार चाखून मग बांधून घ्या.

खरेदी

देवराज मार्केटमध्ये एक फेरी मारावीच. फुलांचे ढीग, कुंकवाच्या रंगीत राशी, नंजनगूडची केळी, म्हैसूर मोगरा आणि विड्याची पानं. काही घेतलं नाही तरी चालेल. म्हैसूर सिल्क घ्यायची असेल तर सरकारी केएसआयसीच्या दुकानातूनच घ्या. त्यांचा कारखाना १९१२ पासून इथं आहे. चंदनाचं तेल आणि साबणही सरकारी दुकानात खात्रीचे मिळतात. "फॅक्टरी दाखवतो" म्हणून रिक्षावाला एखाद्या दुकानात नेत असेल तर नम्रपणे 'नक्को' म्हणा.

शिसवी लाकडावर वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाचे तुकडे जडवून चित्र करण्याची कला म्हैसूरची खास आहे. तिच्यात अनेक कारागीर मुस्लिम आहेत. पूर्वी हस्तिदंत वापरत, आता त्यावर बंदी आहे. चन्नपट्टणची लाखेच्या रंगांची खेळणीही लहान मुलांसाठी घेता येतील. ही कला टिपूच्या आश्रयाने वाढली अशी तिथली परंपरा सांगते. भाव करा, पण कारागिराच्या दारात फार ताणू नका.

निघण्यापूर्वी

सगळ्यांची ओळखपत्रं, आजी-आजोबांची औषधं, जानमाज, मोजे, टोपी आणि पाण्याच्या बाटल्या एका वेगळ्या पिशवीत ठेवा. राजवाडा, प्राणिसंग्रहालय आणि रंगनथिट्टूच्या वेळा व तिकिटांचे दर आदल्या दिवशी तपासून घ्या. जुम्मा सफरीत येत असेल तर तो दिवस शहरात किंवा श्रीरंगपट्टणला राहील असं बसवा.

मुलांकडून एक छोटं काम करून घ्या. प्रत्येकाने एका वहीत रोज एक पान लिहायचं : आज पाहिलेली एक जागा, तिथली एक तारीख आणि मनात आलेला एक प्रश्न. पाचवीतलं मूल चार ओळी लिहील, दहावीतलं पानभर. परत आल्यावर त्या वह्या दादा-दादी, नाना-नानींसमोर वाचायला लावा आणि प्रश्नांची उत्तरं घरातल्या सगळ्यांनी मिळून शोधा. अल्लाह आपली सफर आसान करो.